कापसाच्या ढिगावरच्या चार काड्या

बुलढाण्याच्या बसस्थानकावर त्या सकाळी माझ्याजवळ जे सामान होतं, ते आठवलं की आज सत्तरी ओलांडल्यावरही मला हसू आवरत नाही. एका पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा, दुसरीत विहीणबाईंसाठी लुगडं, काखेत चौकटीची वही आणि पर्समध्ये शिसवी करंडा. करंड्यात कुंकू नव्हतं. कुंकवाची, हळदीची आणि मेणाची अशा तिन्ही वाट्या घासूनपुसून मी त्यांत तीन कंपन्यांची तीन सिमकार्डं ठेवली होती. फोन मात्र एकच, जुना, पाठीचं झाकण निसटू नये म्हणून रबर लावलेला.

मी तेव्हा पन्नाशी उलटलेली, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी बाई होते. ज्या गोष्टीचा तक्ता करता येतो ती आपल्याला समजली, असं माझं ठाम मत होतं. आमच्या घरी या मताला विरोध करणारं कुणी नव्हतं, कारण यजमान कोर्टात कारकून होते आणि विरोध करणं हे वकिलाचं काम आहे अशी त्यांची समजूत होती.

निघायचं कारण विजू. आमची एकुलती एक मुलगी, बीबीपासून आत, ओढ्यापलीकडच्या एका गावात दिलेली. जावई दत्ता कपाशीवाला. बीटी बियाण्याची पाकिटं तेव्हा नवीन नवीन होती, पहिल्या वर्षी बोंडं पाहून लोक हरखले आणि मग लागोपाठ दोन हंगामांनी घरंच्या घरं गप्प करून टाकली. त्या दिवाळीला विजू माहेरी आली, चार दिवस हसली-खिदळली आणि निघताना बसच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "आई, हे बोलतच नाहीत गं आता. जेवतात, वावरात जातात, येतात. बोलत नाहीत."

गाडी सुटली. त्या वर्षी रोजचं वर्तमानपत्र उघडायला हात धजत नव्हता. गप्प झालेल्या माणसांच्याच बातम्या असायच्या त्यात. विजूच्या गावात फोन नव्हता. बीबीला एका दुकानातून बोलायचं, तर मागे सात माणसं उभी. त्यांच्यासमोर मुलगी काय सांगणार? "बरं आहे" एवढंच. मला तिच्या घरात, दार लावून, मनातलं बोलता येईल असा फोन हवा होता.

बुलढाण्यात तीन दुकानं पालथी घातली. तिन्ही दुकानदार म्हणाले, "म्याडम, पूर्ण जिल्ह्यात टावर!" तिघांनीही जिल्ह्याचा नकाशा दाखवला, एकाचा लाल, एकाचा निळा, एकाचा नारिंगी, काठापासून काठापर्यंत सारखा रंगवलेला. भूगोलाच्या बाईला असा नकाशा दाखवू नये. सगळीकडे एकच रंग असेल तर तो नकाशा नसतो, भिंत असते. मी तिन्ही सिमकार्डं घेतली आणि ठरवलं, स्वतः जाऊन बघायचं.

कंपन्यांची नावं लांबलचक होती, म्हणून मी त्यांना माझ्या तीन नणंदांची नावं दिली: थोरली, मधली, धाकटी. यात योगायोग काही नाही. थोरली बुलढाण्यात खणखणीत बोलायची. मधली मोठ्या रस्त्याच्या आधाराने राहायची. धाकटीबद्दल कुणाचंच मत चांगलं नव्हतं.

घरच्या फोनजवळ यजमानांना बसवलं. मी वाटेत जिथून फोन करीन तिथला आवाज कसा आला ते त्यांनी लिहून ठेवायचं. त्यांनी नवी वही काढली, समास आखला आणि विचारलं, "सकाळी किती वाजल्यापासून?"

सव्वासातची मेहकर गाडी. केळवद येईपर्यंत थोरली पडद्यावर चार काड्या दाखवत होती (रेंज दाखवणाऱ्या त्या उभ्या रेघांना आम्ही काड्याच म्हणायचो). केळवद मागे पडलं आणि थोरलीने मान टाकली. मी रबर काढलं, झाकण काढलं, बॅटरी काढली, अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या टोकाने थोरलीला बाहेर ओढलं आणि मधली आत सारली. शेजारी पांढऱ्या टोपीचे एक म्हातारबाबा मन लावून बघत होते.

"घड्याळ बिघडलं का बाई?"

"घड्याळ नाही. मी रेंज तपासते आहे." त्या काळी मी पुस्तकातल्यासारखं बोलायची. जिल्ह्याच्या गावची शिक्षिका ना! वर्गात एखादी मुलगी "मले" म्हणाली की तिला दहा वेळा "मला" लिहायला लावणारी बाई होते मी.

"कोनाची रेंज?"

"तीन कंपन्यांची."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हंजे तिघी हायेत, अन् नवरदेव एकच," असं म्हणून त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. मागच्या बाकावरच्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी गंभीर चेहऱ्याने वहीत लिहिलं: केळवदपुढे, मधली, दोन काड्या.

चिखलीला तिघीही हजर होत्या, गावात लग्न असल्यासारख्या. लव्हाळ्याच्या अलीकडे मात्र गाडी खड्ड्यात आदळली आणि मधली माझ्या बोटांतून उडाली. नखाएवढं ते कार्ड, आणि गाडीत पन्नास माणसं, चार कोंबड्या, एक सायकल. मी ओरडले, "कुणी हलू नका!" वर्गात ओरडायची तशीच. आणि खरंच कुणी हललं नाही. कंडक्टर तिकिटांची पेटी हातात धरून पुतळ्यासारखा उभा. मग सगळी गाडी वाकून शोधायला लागली. शेवटी मधली म्हातारबाबांच्या धोतराच्या निऱ्यांत सापडली. त्यांनी ती तळहातावर ठेवून मला दिली आणि म्हणाले, "सांभाळा बाई. इले बाहेरचं वारं लागलं."

मेहकरला गाडी बदलायची होती. स्थानकाबाहेर आलुबोंडा आणि चहा घेतला. आलुबोंड्याबरोबर तळलेली मिरची येते, ती मी धिटाईने खाल्ली आणि डोळे पुसत घरी फोन लावला. पलीकडून "हूं" आलं. एवढ्यावर आवाजाची प्रत कशी ठरवणार? "काहीतरी बोला हो," म्हटलं तर म्हणाले, "जबाब देणारी तू आहेस. मी लिहून घेणारा."

समोरच्या भिंतीवर दोन जाहिराती शेजारी शेजारी रंगवलेल्या होत्या. एकीत बीटी बियाण्याचं पाकीट आणि टपोरं बोंड, दुसरीत मोबाइल कानाला लावून हसणारी बाई. बोंड आणि बाई एकाच रंगाऱ्याने काढली असावीत, दोघांच्या तोंडावर हसू सारखंच होतं. शेतकऱ्यांना त्या भिंतीने काय काय कबूल केलं होतं, ते मी वाचलं, वहीत मात्र फक्त मेहकरच्या काड्या लिहिल्या.

मेहकर सोडलं की दोन्ही बाजूंना पांढरं दिसायला लागतं. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मधेच तुरीचे हिरवे पट्टे, आणि मग पऱ्हाटी (कपाशीची झाडं), फुटलेली, वाकलेली. बाया ओळीने वेचत होत्या, पोटाशी बांधलेल्या ओट्या फुगलेल्या. सगळ्याच जणी लांबून दिवस भरलेल्या दिसत होत्या. त्या वर्षी पीक बरं होतं. बरं म्हणजे, लोक मोठ्याने बोलत नव्हते पण कामाला जात होते.

बीबीला उतरले. दत्ता बैलगाडी घेऊन यायचा होता, त्याला वेळ होता, म्हणून सावलीला एका दुकानाच्या ओट्यावर टेकले. दुकान सत्तारभाईंचं. सत्तारभाई पिंजारी, गाद्या-रजया भरणारे. त्यांच्या दाढीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे, त्यामुळे किती पिकली होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. पिंजण्याचं यंत्र मागे, आणि पुढे दोरीवर तिन्ही कंपन्यांची रिचार्जची कुपनं तोरणासारखी टांगलेली.

मी करंडा उघडून माझा उद्योग सुरू केला. त्यांनी पाहिलं आणि स्टूल ओढून जवळ आले.

"म्याडम, कोणत्या गावाले?"

मी सांगितलं.

"तिथं टावर कमी. पाराजवळ लागते एकाचा. पण बाईमाणूस पारावर बसून काय बोलंल?"

"म्हणूनच घरात कुठे रेंज येते ते शोधणार आहे मी. शास्त्रशुद्ध पद्धतीने."

सत्तारभाई हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "एक बात ध्यानात ठेवा. जिथं रोज बसायचं, तिथं पाहा. मी गादी भरतो तर आज फुगीर दिसते. गिऱ्हाईक खूश. महिन्यानं दबते, मंग खरी गादी समजते."

मी मान हलवली. मनात म्हटलं, गादीवाल्याला गादीशिवाय काय सुचणार! ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढचा सगळा घोळ टळला असता.

दत्ता आला. उंच, सावळा, डोळे कायम जमिनीकडे. पाया पडला, पिशव्या गाडीत ठेवल्या. "बसा मामी" हे दोन शब्द. ओढा आला तेव्हा "धरा." गाव आलं तेव्हा "आलं." तासाभरात जावयाचे एकूण चार शब्द. मी मात्र अखंड बोलत होते, मोसमी वाऱ्यांवरसुद्धा बोलले. शांतता सहन न होणाऱ्या माणसाचा जन्म शिक्षकाचा असतो.

विहीणबाई अंजनाबाई दारातच उभ्या. "या ईनबाई, लय दिसांनी वाट सापडली!" भाकरी, तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी, वर कच्चं तेल घातलेला ठेचा. जेवले आणि लगेच उठले. वही, करंडा, आकडा.

ओसरीवर थोरली शून्य. चुलीजवळ मधली शून्य. गोठ्यात धाकटीची एक काडी आली, पण म्हैस हलली की जायची. न्हाणीत शून्य, अंगणात शून्य, उकिरड्याजवळ अर्धी. विजू माझ्यामागे हिंडत होती आणि अंजनाबाई तिच्यामागे.

"ईनबाई, काय हरपलं तुमचं?"

"जागा शोधते आहे."

"एवढं मोठं घर दिसून नाही राह्यलं का तुमाले?"

शेवटी राहिली कापसाची खोली. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवतात. एक खोली अशी भरतात की दारात फळ्या लावाव्या लागतात. त्या वर्षीचा ढीग जवळजवळ छपराच्या टिनांना टेकला होता आणि वर, आढ्याखाली, भिंतीत एक छोटा झरोका होता, बाहेरचा उजेड आत सोडणारा. मी त्या झरोक्याकडे पाहिलं. भूगोलाच्या बाईच्या डोळ्यांत चमक आली.

"नोका चढू," अंजनाबाई म्हणाल्या. "कापूस चावते."

"कापूस कसा चावेल?" मी म्हणाले आणि पदर खोचला.

कापसाच्या ढिगावर चढणं म्हणजे ढगावर चढणं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने ढीग पाहिलेला नाही. पाय टाकला की मांडीपर्यंत आत. हात टेकला की खांद्यापर्यंत आत. विजूने खालून ढकललं, अंजनाबाईंनी विजूला ढकललं आणि मी पोहत पोहत वर पोचले. केसांत कापूस, नाकात कापूस. झरोक्याशी डोकं नेऊन फोन धरला. थोरली नाही. मधली एक काडी, थरथरती. मग धाकटी.

चार काड्या. पूर्ण.

घरी फोन लावला. "हूं" इतकं स्वच्छ ऐकू आलं की यजमानांनी ते शेजारी बसून म्हटल्यासारखं वाटलं. "सापडलं!" मी ओरडले. "कापसाची खोली, धाकटी, चार काड्या!" पलीकडे पेन चालल्याचा आवाजही आला. मग विजू वर आली. आम्ही दोघी मायलेकी त्या पांढऱ्या ढिगावर उताण्या पडून टिनांकडे बघत हसत होतो. दार बंद, खाली विहीणबाई, आणि वर आम्ही. ती हळूच म्हणाली, "इथून बोलता येईल गं आई." माझ्या दंडावर तिने डोकं ठेवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

वहीत मी तांबड्या शाईने लिहिलं: कापसाची खोली, धाकटी, चार. खाली दोन रेघा. थोरली आणि मधलीला करंड्यात मिटवून, धाकटीसकट फोन विजूला देऊन दुसऱ्या दिवशी निघाले. कापूस खरंच चावतो. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, ते दिसत नाहीत. आठ दिवस मी फळ्याला पाठ घासत भूगोल शिकवला.

मग आमचा नेम सुरू झाला. साडेपाचला शाळेतून मी घरी आलेली असायची. फोन दोन वेळा वाजून बंद झाला की समजायचं, विजू ढिगावर चढली. मग मी उलट फोन करायची. यजमान शेजारी बसून सवयीने लिहायचे. विजू सांगायची ते बातमीपत्रासारखं असायचं. "आज हे सहा शब्द बोलले." "आज 'मीठ कमी आहे' म्हणाले." "आज म्हशीशी बोलले, पण मी ऐकलं." मी हसायची, तीही हसायची, आणि फोन ठेवला की मी देवापुढे उभी राहायची. दत्ता गप्प होता पण घरात होता, जेवत होता, हे रोज कळायचं. मला तेवढं पुरत होतं.

संक्रांत झाली. विजूचा आवाज अधूनमधून तुटायला लागला. "ढीग बसतो ना आई," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "नीट झाकून बस, थंडी आहे." एकदा म्हणाली, "उद्या गाडी भरून राह्यलो. व्यापारी आला." मी म्हटलं, "छान झालं बाई."

त्यानंतर फोन आला नाही.

एक दिवस. दोन दिवस. मी लावला तर एक गोड आवाजाची बाई सांगायची की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पाचव्या दिवशी मी त्या बाईला "कुठे आहे मग?" असं विचारलं. आठव्या दिवशी वर्तमानपत्रात आमच्याच जिल्ह्यातली बातमी होती, गावाचं नाव लोणार तालुक्यातलं. ते विजूचं गाव नव्हतं. मी ते नाव पाच वेळा वाचलं.

यजमानांनी गॅस बंद केला, माझी पर्स आणून दिली आणि वर त्यांची वही ठेवली. "वाटेत वाच," म्हणाले. "जाऊन ये."

त्या दुसऱ्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. केळवद कधी गेलं कळलं नाही. चिखलीला कुणीतरी "बाई, तब्येत बरी नाही का?" म्हणालं. वही उघडली. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात: "आवाज स्पष्ट. हसली." पुढे, "आवाज स्पष्ट." मग, "आवाज मध्यम. ढीग बसतो असे म्हणाली." मग, "आवाज तुटक. उभी राहून बोलत असावी." शेवटी, "मोठ्याने ओरडून बोलली. उद्या गाडी भरणार असे सांगितले." सगळं लिहिलेलं होतं, ओळीने, तारीखवार. पाचवीतल्या पोरीला कळलं असतं. भूगोलाच्या बाईला कळलं नाही. मी वही मिटली आणि रडले.

बीबीला सत्तारभाईंचं दुकान बंद होतं, शुक्रवार होता. गावाकडे जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवर चढले. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "कोणाच्या घरी?" तर माझ्या तोंडून निघालं, "माह्या पोरीच्या." चाळीस वर्षं घोटलेली भाषा खड्ड्यात पडली होती, आणि मला तिचं काही वाटलं नाही.

अंगणात कुणी नव्हतं. चूल विझलेली. दार सताड उघडं. कापसाच्या खोलीच्या दारातल्या फळ्या काढलेल्या, आणि आतून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. मी उंबऱ्यात गेले. खोली रिकामी. मध्ये शिडी. शिडीवर दत्ता, पाठमोरा, हातात दोर, आणि दोराचा वेढा छपराच्या लाकडी आडूला पडलेला.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शब्द नव्हताच तो.

दत्ताने मान वळवली. मी काय समजले ते त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण क्षणभर तो तसाच थांबला. मग दोराचं दुसरं टोक माझ्याकडे सोडून म्हणाला, "मामी, हे धरता का जरा? सैल पडून राह्यलं."

मी धरलं. दोन्ही हातांनी, सगळ्या जोराने. त्याने वर गाठ मारली, एक, दोन, तीन. मग खाली उतरला आणि माझ्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या, कारण मला त्या सोडता येत नव्हत्या.

"मचाण हाय," तो म्हणाला. "वावरात पाखरं हाकाले करतो तसं."

तोवर विहिरीवरून डोक्यावर हंडा घेतलेली विजू आली. मला बघून तिचा हंडा कलला. "आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"मले विचारते!" मी म्हटलं आणि उंबऱ्यातच बसले. "आठ दिस फोन नाही तुहा!"

विजू माझ्याकडे बघतच राहिली. मग वर झरोक्याकडे बघितलं, तीन पुरुष उंच. मग माझ्याकडे. "आई, कापूस गेला. मी चढू कशावर?"

खरं सांगते, मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्या तांबड्या शाईच्या त्या चार काड्या खोलीतल्या नव्हत्याच. त्या ढिगावरच्या होत्या. ढीग व्यापाऱ्याच्या गाडीत बसून जिनिंगला गेला आणि माझ्या काड्याही गेल्या.

"मले वाटलं तुले समजलं," विजू म्हणाली. "सांगितलं ना मी, गाडी भरून राह्यलो म्हणून. कापूस गेला म्हणजे फोन गेला. कोणालेबी समजते." मागून अंजनाबाई आल्या, त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "ईनबाई, शाळेत काय शिकवता तुम्ही?"

"भूगोल," मी म्हणाले, आणि आम्ही तिघी असं हसलो की म्हैस हंबरली.

दत्ता हसला नाही. तो शिडी धरून उभा होता. "पाहा चढून," म्हणाला.

मी चढले. मघा मला दोराशिवाय काही दिसलंच नव्हतं: बाभळीच्या बल्ल्या, त्यांवर वाळक्या पऱ्हाट्यांचा थर, वर गोधडी. दोन माणसं बसतील एवढी जागा. झरोका बरोबर कानाशी. विजूने खालून फोन दिला. धाकटी, चार काड्या. माझ्यामागोमाग दत्ता दोन पायऱ्या चढून थांबला, गाठी तपासायच्या निमित्ताने. खाली विजू आणि अंजनाबाई चुलीकडे गेल्या होत्या. गाठीकडेच बघत तो बोलायला लागला.

"तुमच्याशी बोलून खाली उतरली की मंग ती माह्याशी बोलते, मामी. लय बोलते. तुम्ही काय म्हनल्या, बाबा काय लिहून राह्यले, समदं. मी आयकतो." मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा. "आठ दिस घर चूप होतं. मले बोलता नाही येत. म्हणून मंग हे."

त्याने दोराला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "मघा तुमाले दुसरं काही वाटलं ना."

मी खोटं बोलू शकले असते. "हाव," म्हटलं.

"वाटते लोकायले," तो म्हणाला. "माह्या मायलेबी वाटते. रोज दोर मोजून ठेवते ती. मले ठाव हाय." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं, प्रथमच. "मले कोनी विचारत नाही, मामी. समदे घाबरून मागंमागं फिरतात."

"मग मी विचारते," मी म्हणाले. "फोनवर. रोज. वैतागाल तुम्ही."

त्याने गाठ एकदा ओढून पाहिली. "विचारा," म्हणाला.

जेवायला वांग्याचं भरीत होतं, उपटलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं. पीक घरातून गेलं की त्याची काटकी चुलीत येते आणि त्या धुराचा वास भरताला लागतो. अंजनाबाई माझ्या ताटात वाढत म्हणाल्या, "खा. फोन हरपला होता, सापडला." दत्ता जेवताना म्हणाला, "मीठ बरोबर हाय." विजूने माझ्याकडे पाहिलं आणि बोटांवर शब्द मोजले.

दुसऱ्या दिवशी परतताना बीबीला सत्तारभाई ओट्यावर होते. मी म्हटलं, "सत्तारभाई, गादी दबली." ते म्हणाले, "दबणारच. पण म्याडम, दबल्यावर जे राह्यते, तेवढीच गादी." मी त्यांच्याकडून एक उशी भरून घेतली, विजूच्या मचाणासाठी, आणि तिथेच ठेवून गावाकडे पाठवायला सांगितलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. वेचलेली रानं उघडी पडली होती, काही ठिकाणी बैल, काही ठिकाणी नुसती काळी माती. मेहकरच्या भिंतीवरची बाई अजून हसत होती, शेजारचं बोंडही. मी चौकटीची वही काढली आणि तांबड्या शाईच्या ओळीपुढे लिहिलं: "ढीग असताना." मग खाली नवी ओळ: "रिकामी खोली, मचाणावरून, चार." एवढी दुरुस्ती करायला मला एक हंगाम आणि दोन प्रवास लागले. पुढची काही वर्षं सगळीच पिकं सारखी आली नाहीत. एका वर्षी त्या खोलीत कापूस गुडघ्याएवढाही भरला नाही, पण मचाण वर तसंच राहिलं, आणि साडेपाचचा फोनही.

पण ते पुढचं. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा साडेपाच व्हायचे होते. यजमानांनी चहा ठेवला, वही उघडली. फोन वाजला. एक वेळा, दोन वेळा. मी बंद व्हायची वाट बघत होते, म्हणजे उलट लावता येईल. तो बंद झाला नाही. तीन, चार, पाच. यजमानांनी वहीतून मान वर केली.

मी उचलला.

"मामी, पोचल्या?" दत्ता होता.

"पोचले. तुम्ही कुठून?"

"वरतून."

मग काही नाही. मला विचारायचं होतं, विजू कुठे आहे, जेवलात का, मोसमी वाऱ्यांचंसुद्धा काही सांगता आलं असतं. मी ओठ दाताखाली धरले. झरोक्यात चिमण्या होत्या, त्यांचा आवाज येत होता. पऱ्हाट्यांचा थर कुरकुरला, म्हणजे त्याने कूस बदलली असावी. यजमानांचं पेन समासापाशी थांबलं होतं.

"ठेवू का?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"नोका ठेवू," मी म्हणाले. "बसा जरा वेळ."